वेस अँडरसनचा नवा सिनेमा बघायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत मी ‘वेस अँडरसनवाली’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा नवा सिनेमा लागला की पुण्या-साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंतचे लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. २०२५ साली ‘द फिनिशियन स्कीम’ आला तेव्हा एकाच आठवड्यात तीन जणांना मी तीच उत्तरं टाइप करून पाठवली. म्हणून त्याच सिनेमाच्या निमित्तानं सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. शेवट कुठेही फोडलेला नाही.

हा वेस अँडरसन कोण?

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातला, ह्यूस्टनचा. जन्म १९६९चा. पहिला सिनेमा १९९६ साली, ‘बॉटल रॉकेट’. तेव्हापासून ‘द फिनिशियन स्कीम’पर्यंत बारा पूर्ण लांबीचे सिनेमे झाले. त्याचं एखादं दृश्य मध्येच कुठूनही दाखवलं तरी नाव न सांगता ओळखू येतं. कॅमेरा समोरच्या भिंतीला अगदी काटकोनात, माणूस बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारख्याच वस्तू, आणि रंग असे की कुणीतरी आठवडाभर फक्त त्या पडद्याची छटा ठरवत बसलं असावं. (खरोखरच बसतात.)

‘द फिनिशियन स्कीम’ची गोष्ट काय?

साल १९५०. अनातोल कोर्डा, म्हणजे ‘झा-झा’ कोर्डा, हा युरोपातला बडा आणि बदनाम उद्योगपती. त्याच्या जिवावर सतत कुणीतरी उठलेलं असतं. सिनेमा सुरू होतो तोच विमानातल्या स्फोटानं, आणि यापूर्वीच्या अपघातांसारखाच तो यातूनही वाचतो. त्याला नऊ मुलगे आहेत, पण सगळी मालमत्ता तो ठेवू पाहतो एकुलत्या एका मुलीच्या नावावर. ती लीझल. लहानपणापासून कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, नन व्हायच्या वाटेवर असलेली. बापाला सहा वर्षांत भेटलेली नाही, आणि आपल्या आईचा खून यानंच केला असं तिच्या कानावर आलेलं आहे.

फिनिशिया नावाच्या काल्पनिक देशात रेल्वे, बोगदा, धरण अशी एक अवाढव्य योजना कोर्डाला उभी करायची आहे. पैशात मोठी तूट पडते. ती भरून काढायला बाप, लेक आणि कीटकशास्त्र शिकवणारा एक नॉर्वेजियन मास्तर असे तिघं एकेका भागीदाराच्या दारात जातात. कोर्डा झाला आहे बेनिसिओ डेल टोरो, लीझल झाली आहे मिया थ्रेपलटन (केट विन्स्लेटची मुलगी) आणि मास्तर मायकल सेरा.

व्यवहाराचे आकडे डोक्यात बसले नाहीत तर काळजी करू नका. पहिल्यांदा पाहताना माझ्याही बसले नव्हते. बाप आणि लेक यांच्यावर नजर ठेवा, तेवढं पुरतं.

आधीचे सिनेमे पाहिलेले असायलाच हवेत का?

नाही. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे.

तिकीट काढताना कुठली खुर्ची घ्यावी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण या दिग्दर्शकाच्या बाबतीत त्यानं खरंच फरक पडतो. ओळीतली मधली खुर्ची घ्या. कडेला बसलात तर पडदा तिरका दिसतो, आणि ज्या मांडणीचा मध्य इतक्या मेहनतीनं साधलेला असतो ती एका बाजूला कलते. अगदी मागेही बसू नका. चौकटीच्या कोपऱ्यात, टेबलावर, पुस्तकांच्या पाठीवर, दारावरच्या पाटीवर अक्षरं असतात आणि ती वाचायची असतात. मी पडद्यापासून सहावी-सातवी ओळ धरते.

उशिरा मात्र अजिबात पोहोचू नका. ‘फिनिशियन स्कीम’ची नामावली हा त्यातला सर्वात देखणा भाग आहे. कॅमेरा छताला टेकवल्यासारखा थेट वरून खाली बघतो. खाली फरशीची नक्षी, टबमध्ये पडलेला जखमी कोर्डा आणि भोवती ये-जा करणाऱ्या नर्सेस. कुणी खायला आणतंय, कुणी प्यायला. सगळ्यांची हालचाल पाण्याखाली असल्यासारखी संथ, आणि वर स्त्राविन्स्की या रशियन संगीतकाराचं संगीत. कॅमेरा जागचा हलत नाही. रांगोळी काढून झाल्यावर आपण उठून उभं राहतो आणि ती वरून बघतो, तसं ते बघणं आहे. पहिल्या दिवशी माझ्या पुढच्या ओळीतले दोघं पॉपकॉर्न घेऊन नेमके याच वेळी आत आले. मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी.

संवाद फार भरभर बोलतात. समजतील का?

निम्मे निसटतात, हे खरं आहे. सबटायटल्सचा खेळ मिळाला तर तो घ्या, त्यात कमीपणा काही नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही दमछाक होते. त्याच्या सिनेमात माणसं लिहिलेलं वाचून दाखवल्यासारखी बोलतात, न अडखळता, पूर्ण वाक्यात. एक-दोन वाक्यं सुटली तर मागे वळून शोधत बसू नका, कारण तोवर पुढची तीन निघून गेलेली असतात.

सगळे असे कोऱ्या चेहऱ्यानं का वावरतात? अभिनय येत नाही का?

माझ्या मामांनी ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ पाहून हेच विचारलं होतं. आपला डोळा घडला आहे तो भावना चेहऱ्यावर उमटण्याच्या सवयीत. नाटक असो की सिनेमा, दुःख झालं की आवाज फुटायला हवा, डोळे भरायला हवेत. पण तुमच्या घरात एखादं मरण झालं असेल तर आठवून बघा. तेराव्यापर्यंत घरातली मोठी माणसं काय करत होती? याद्या. कुणाला कळवायचं राहिलं, भटजींना किती वाजता बोलावलंय, पानं किती मांडायची. आवाज अगदी सपाट. आणि मग भाजी निवडता निवडता एखादीचा हात मध्येच थांबतो.

वेस अँडरसनची माणसं त्या याद्या करणाऱ्या माणसांसारखी आहेत. तो हात थांबण्याचा क्षण त्याच्या प्रत्येक सिनेमात एकदा-दोनदा येतो. तो यावा म्हणूनच बाकी सगळं सपाट ठेवलेलं असतं. ‘फिनिशियन स्कीम’मध्ये असे क्षण मिया थ्रेपलटनच्या वाट्याला आले आहेत, आणि ते तिनं जवळजवळ फक्त पापण्यांवर निभावले आहेत.

पण हे सगळं इतकं मापात, इतकं नीटनेटकं कशासाठी? नुसती सजावटच ना?

इतकी वर्षं मी याचं उत्तर चुकीचं देत होते. ‘त्याची शैली आहे’ असं सांगून मोकळी व्हायचे. या सिनेमानं मला खरं उत्तर दिलं.

कोर्डाची सगळी योजना चपलांच्या खोक्यांत आहे. एकेका व्यवहाराचा एकेक खोका, आणि सिनेमाचे भागही त्या खोक्यांप्रमाणेच पडतात. बाप लेकीसमोर ते मांडतो आणि समजावून सांगतो की यात काय, त्यात काय. ही कल्पना हवेतून आलेली नाही. वेस अँडरसनची बायको जुमान मलूफ. तिचे वडील फुआद मलूफ हे लेबनीज, अभियंता आणि उद्योजक. शेवटच्या दिवसांत त्यांनी आपल्या कामाची कागदपत्रं अशीच खोक्यांतून काढून लेकीला दाखवली होती, हे अँडरसननं मुलाखतींत सांगितलं आहे. सिनेमा त्यांनाच अर्पण केलेला आहे.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे हा सिनेमा २३ मे २०२५ला लागला. पहिल्या दिवशी एकटी गेले. पुढच्या आठवड्यात आई साताऱ्याहून आली होती, तिला घेऊन परत गेले. तिला इंग्रजी बेताचंच येतं. पडद्यावर खोके आले तशी ती माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “अगं, हे तर तुझ्या बाबांचं कपाट.”

बाबांचे सहा खोके होते, बाटाचे आणि आणखी कुठकुठले. प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून निळ्या पेनानं लिहिलेलं: घर, शेत-सातबारा, एलआयसी, लाइट-पाणी, दवाखाना, इतर. झाकणाला सुतळी, आणि गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटावी. २०१९च्या दिवाळीत त्यांनी मला ते सगळे खाली काढून दाखवले होते. “हे बघून ठेव,” म्हणाले. मी हो हो म्हणत फोनवर मेल वाचत होते. सातबारा कुणाच्या नावावर कसा चढतो ते त्यांनी दोनदा सांगितलं, मला एकदाही नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर दीड वर्षात ते गेले. पुढची सगळी कामं त्या खोक्यांनीच पार पाडली. एकही कागद शोधावा लागला नाही.

ज्या माणसाला ‘माझ्यामागे तुमचं कसं होईल’ हे तोंडानं म्हणता येत नव्हतं, त्यानं ते पट्ट्या चिकटवून म्हटलं होतं. वेस अँडरसनची चौकट मला आता तशी दिसते. ‘द रॉयल टेनेनबॉम्स’मधलं खोल्या-खोल्यांचं घर घ्या, ‘द दार्जिलिंग लिमिटेड’मधलं वडिलांच्या मागे उरलेलं सामान घ्या. त्याच्या सिनेमात बाप पुन्हा पुन्हा येतो, बहुतेकदा चुकलेला किंवा गेलेला. आणि ज्याच्याबद्दल नीट बोलणं कधी झालंच नाही, त्याच्या वस्तू नीट लावून ठेवल्या जातात.

या वेळी दिसायला काही वेगळं आहे का?

आहे. ‘बॉटल रॉकेट’पासून ‘ॲस्टरॉइड सिटी’पर्यंत, माणसं घेऊन केलेल्या त्याच्या प्रत्येक पूर्ण लांबीच्या सिनेमाचा छायालेखक रॉबर्ट योमन होता. या वेळी पहिल्यांदाच ती जागा ‘अमेली’ या फ्रेंच सिनेमावाल्या ब्रूनो डेलबोनेलनं घेतली. मला फरक सावल्यांत जाणवला. आधीच्या सिनेमांत उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असायचा, इथे खोलीच्या कोपऱ्यात अंधार साचतो आणि कोर्डाच्या चेहऱ्याची एक बाजू त्यात बुडते.

दुसरं म्हणजे भिंतीवरची चित्रं. कोर्डा हा चित्रं जमवणारा माणूस, म्हणून सेटवर रनुआर आणि माग्रित यांची खरीखुरी चित्रं उसनी आणून लावली होती. नक्कल लावली असती तर कुणाला कळणार होतं, असं वाटेल. कॅमेऱ्याला कळलं नसतंही, पण त्या खोलीत उभ्या असलेल्या नटाला कळलं असतं. खऱ्या रनुआरसमोर माणूस वेगळा उभा राहतो. लीझलची जपमाळही कार्तिए या नामांकित फ्रेंच जवाहिऱ्यांनी या सिनेमासाठी घडवलेली आहे.

आणि मधूनमधून कोर्डा मरणाच्या उंबऱ्यावर जाऊन येतो, ती दृश्यं कृष्णधवल आहेत. तिथे देव झाला आहे बिल मरे.

चौकटीचा आकार मध्येच बदलतो असं ऐकलं. प्रोजेक्टर बिघडलेला असतो का?

नाही, ते ‘ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’बद्दल ऐकलं असेल. त्यात १९३०च्या दशकातला भाग जुन्या सिनेमांसारख्या चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीत (१.३७ : १) आहे, १९६०च्या दशकातला लांबलचक रुंद (२.३९ : १), आणि १९८५चा आजच्यासारखा (१.८५ : १). त्या त्या काळात सिनेमे ज्या आकारात दिसत, तो आकार. साल लिहून दाखवायची गरजच उरत नाही.

त्याच सिनेमातला मेंडल्स या बेकरीचा गुलाबी पेस्ट्रीचा खोका आठवतोय? त्यावर ‘पातिसरी’ या फ्रेंच शब्दात एक ‘टी’ जास्त छापला गेला होता, आणि ते लक्षात येईपर्यंत बरंच चित्रीकरण होऊन गेलं होतं. जवळून दिसणाऱ्या खोक्यांवरचं अक्षर नंतर संगणकावर पुसावं लागलं. इतक्या काटेकोर माणसाच्या हातूनही हे झालं, याचा मला फार दिलासा वाटतो.

भारताशी याचं नातं काय? ‘दार्जिलिंग लिमिटेड’ बघावा का?

जरूर बघा, पण दार्जिलिंग शोधू नका. भारतातलं चित्रीकरण राजस्थानात झालं, जोधपूर-उदयपूरकडे, आणि गाडीतली दृश्यं खऱ्या धावत्या आगगाडीत. २००७चा सिनेमा. वडील गेल्यानंतर एकमेकांशी न बोलणारे तीन अमेरिकन भाऊ वडिलांच्या बॅगा घेऊन भारतभर फिरतात. त्यात एका गावात एक मुलगा बुडतो, आणि त्याचा बाप झाला आहे इरफान खान. त्याच्या वाट्याला जेमतेम काही शब्द आहेत. तो मुलाला अंघोळ घालतो तेव्हा मला पडद्याकडे बघवत नाही, आजही.

या सिनेमात भारत हा पाहुण्यांच्या मनःशांतीसाठी मांडलेला देखावा झाला आहे, अशी तक्रार अनेकांनी केली. ती मला बरीचशी पटते. गावातली माणसं त्या तीन भावांच्या निमित्तानंच दिसतात. तरीही मी तो सिनेमा सोडू शकत नाही, कारण त्याचं संगीत. पार्श्वसंगीताचा मोठा भाग सत्यजित राय यांच्या सिनेमांतून घेतला आहे, ‘चारुलता’ची धून त्यात आहे, ‘जलसाघर’साठी विलायत खाँ साहेबांनी दिलेलं संगीतही आहे. राय हा अँडरसनचा जुना ध्यास.

इंटरनेटवर ‘वेस अँडरसन स्टाइल’ व्हिडिओ भरपूर दिसतात. एआयनंही बनवतात. मग मूळ सिनेमा कशाला बघायचा?

२०२३मध्ये तर ती लाटच आली होती. पिवळी अक्षरं, मधोमध उभा माणूस, मागे खेळण्यातलं वाटावं असं संगीत. अशा व्हिडिओंचा मला राग नाही. माझ्या भाचीनं साताऱ्याच्या एसटी स्टँडचा असा एक केला होता आणि तो गोड होता. तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्या स्टँडच्या खिडक्या किती सारख्या अंतरावर आहेत.

यंत्रानं बनवलेल्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यात खोका असतो, आत कागद नसतात.

मुलांना न्यावं का?

‘फिनिशियन स्कीम’ला लहान मुलांना नेऊ नका. पहिल्याच मिनिटांत एक माणूस अक्षरशः अर्धा उडतो. पाहुण्यांना हातबॉम्ब देऊ करणं ही कोर्डाची आदरातिथ्याची पद्धत आहे. त्यांना घरी ‘फॅन्टॅस्टिक मिस्टर फॉक्स’ दाखवा. बाहुल्या किंचित किंचित हलवून, एकेक चित्र टिपून केलेला सिनेमा आहे. कोल्ह्याच्या अंगावरची लव सतत थरथरताना दिसते, कारण प्रत्येक चित्राआधी माणसाची बोटं तिला लागलेली असतात. मुलांना हे आधी सांगा आणि मग बघा, ती पडद्याला नाक लावून बसतात.

तुम्हाला काहीच खटकत नाही का?

खटकतं. ‘फिनिशियन स्कीम’चा मधला भाग भेटीगाठींचा आहे. प्रत्येक भागीदाराला मोठा नट, टॉम हँक्स, रिझ अहमद, स्कार्लेट जोहान्सन, आणि प्रत्येकाला थोडीशीच जागा. दोन-तीन ठिकाणी माणूस ओळखीचा होईपर्यंत गाडी पुढे सुटलेली असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फिनिशिया. ज्या देशाच्या जमिनीवर हे सगळे सौदे चालले आहेत, त्या देशातला साधा माणूस फारसा बोलत नाही. लीझल बापाला ठणकावते की गुलाम राबवून आणि लोकांना उपाशी ठेवून हे काम होणार नाही, आणि तो धागा मला फार मोलाचा वाटला. तो आणखी पुढे जायला हवा होता.

त्याच्या सिनेमातल्या वस्तू प्रत्यक्ष बघता येतात का?

लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच्या संग्रहाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. त्याआधी ते पॅरिसला होतं. ग्रँड बुडापेस्ट हॉटेलची गुलाबी प्रतिकृती सगळे आधी बघत होते. माझा वेळ गेला त्याच्या वह्यांसमोर, छोट्याशा, बारीक अक्षरांनी भरलेल्या. पहिल्या सिनेमातल्या वस्तू विकल्या गेल्या, हातात काही उरलं नाही. तेव्हापासून तो आपल्या सिनेमांतली प्रत्येक गोष्ट स्वतः जपून ठेवतो. म्हणून हे प्रदर्शन होऊ शकलं.

हा आवडला, तर पुढे काय बघू?

आधी ‘ग्रँड बुडापेस्ट’, मग ‘टेनेनबॉम्स’. वेळ कमी असेल तर नेटफ्लिक्सवरचा ३९ मिनिटांचा ‘हेन्री शुगर’. त्यात देव पटेल आणि बेन किंग्जली आहेत, गोष्टीचा एक तुकडा कोलकात्यात घडतो, आणि त्याला २०२४ साली मिळालेलं ऑस्कर हे अँडरसनचं पहिलं.

आणि मग एक जोडी लावून बघा. राय यांचा १९७०चा ‘अरण्येर दिन रात्री’ आणि अँडरसनचा ‘ॲस्टरॉइड सिटी’. मे २०२५मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ‘फिनिशियन स्कीम’ दाखवला गेला, त्याच महोत्सवात ‘अरण्येर दिन रात्री’ची दुरुस्त केलेली नवी प्रतही दाखवली गेली. या दुरुस्तीत मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचा हात आहे. ती सादर करायला स्वतः वेस अँडरसन उभा होता, सोबत शर्मिला टागोर आणि सिमी गरेवाल.

‘अरण्येर दिन रात्री’त झाडाखाली सतरंजी टाकून सहा जण नावं लक्षात ठेवण्याचा खेळ खेळतात. एकानं एक नाव घ्यायचं, दुसऱ्यानं ते म्हणून आपलं जोडायचं, साखळी लांबत जाते. ‘ॲस्टरॉइड सिटी’तली हुशार पोरं हाच खेळ खेळतात, आणि तो कुठून आला हे अँडरसननं लपवलेलं नाही. रायांच्या खेळात शेवटी दोघंच उरतात, शर्मिला टागोर आणि सौमित्र चटर्जी. तिला पुढची सगळी नावं पाठ असतात. तरी ती थांबते, आठवत नाही म्हणते आणि त्याला जिंकू देते. ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर काय हलतं ते बघा. मी तेवढंच दृश्य मागे नेऊन किती वेळा पाहिलंय, मोजलेलं नाही.